जुना सीआरटी मॉनिटर घेताय? नावाआधी ट्यूब बघा

ओळखीतल्या एका मुलाचा परवा फोन आला. "काका, २१ इंची ट्रिनिट्रॉन मिळतोय. घेऊन टाकू का?" ट्रिनिट्रॉन म्हणजे सोनीची नावाजलेली पिक्चर ट्यूब. मी विचारलं, चालू करून बघितलास का? तर म्हणे, "हो, लाईट लागते." लाईट म्हणजे पुढच्या बटणातला नारिंगी दिवा. तेवढ्या भांडवलावर हा पठ्ठ्या ३० किलोंचं धूड तिसऱ्या मजल्यावर चढवायला निघाला होता.

त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडतो. जुन्या सीआरटी, म्हणजे काचेच्या पिक्चर ट्यूबवाल्या मॉनिटरच्या बाबतीत नाव, इंच, कागदावरचे आकडे हे सगळं नंतर. आधी पिक्चर ट्यूब किती दमली आहे ते बघायचं. इलेक्ट्रॉनिक्सचे बाकीचे भाग कसेबसे मिळतात, कोणीतरी बसवूनही देतं. संगणकाच्या मॉनिटरची नवी ट्यूब मात्र आता कोणी बनवत नाही. म्हणून चांगली ट्यूब असलेला साधा १७ इंची हा थकलेल्या नामांकित २१ इंचीपेक्षा केव्हाही बरा.

## आधी ठरवा, हवाय कशासाठी

एलसीडीवर चित्र एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत तसंच थांबून राहतं. आपली नजर मात्र हलणाऱ्या गोष्टीमागे सरकत असते, त्यामुळे कडा फिसकटल्यासारख्या दिसतात. सीआरटीत इलेक्ट्रॉनचा झोत प्रत्येक जागी क्षणभर पडतो, तिथला फॉस्फर, म्हणजे काचेमागचा चमकणारा लेप, उजळतो आणि लगेच विझतो. म्हणून पळणारी गाडी किंवा सरकणारा नकाशा त्याच्यावर कोरल्यासारखा दिसतो. दुसरं म्हणजे त्याला स्वतःचे ठरलेले पिक्सेल नसतात. ६४० × ४८० दिलं काय किंवा १०२४ × ७६८ दिलं काय, दोन्ही त्याला सारखीच आपली. जुने डॉसचे खेळ, विंडोज ९८ चा जुना संगणक, नव्वदीतले नेमबाजीचे खेळ यासाठी घेणार असाल तर मजा आहे.

दिवसभर एक्सेल बघण्यासाठी घेणार असाल तर घेऊ नका. डोळेही दुखतील आणि टेबलही.

आणि एक गल्लत बरेच जण करतात. जुना व्हिडिओ गेम, म्हणजे टीव्हीला लावायचा कन्सोल, संगणकाच्या मॉनिटरवर थेट चालत नाही. टीव्हीचा सिग्नल सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी काढतो, म्हणजे १५.७ किलोहर्ट्झ. व्हीजीए, म्हणजे संगणकाच्या साध्या मॉनिटरची सुरुवातच ३० किंवा ३१ किलोहर्ट्झपासून होते. कन्सोलसाठी जुना टीव्हीच शोधा, मॉनिटरवाल्याच्या नादी लागू नका.

## कागदावरचे तीन आकडे

मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक टिपून घ्या आणि घरी बसून त्याची माहिती शोधा. लेबलवर बहुतेक वेळा बनवल्याचा महिना आणि सालही असतं. तेही टिपा.

पहिला आकडा इंचांचा, आणि तो फसवा. १७ इंच हे ट्यूबच्या काचेचं माप. प्लॅस्टिकच्या चौकटीतून दिसतात ते १६ इंच. १५ इंचीत साधारण १३.८, १९ इंचीत १८, २१ इंचीत १९.८ ते २०.

दुसरा आकडा हॉरिझॉन्टल फ्रिक्वेन्सीचा. माझ्या मते सगळ्यात कामाचा, आणि लोक नेमका तोच बघत नाहीत. मॉनिटर एका सेकंदात किती आडव्या ओळी काढू शकतो, ते हा आकडा सांगतो. गणित सोपं आहे: उभ्या दिशेने जितक्या ओळी, गुणिले रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा नव्याने काढलं जातं तो आकडा, हर्ट्झमध्ये), आणि वर ५ टक्के. १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झ हवा असेल तर ७६८ गुणिले ८५ म्हणजे ६५,२८०. त्यावर ५ टक्के धरले की साडेअडुसष्ट हजार. म्हणजे मॉनिटर ७० किलोहर्ट्झपर्यंत जाणारा हवा. ५४ किलोहर्ट्झवर थांबणारा मॉनिटर हेच चित्र दाखवेल, पण ६० हर्ट्झवर.

८५ चा आग्रह कशाला? ६० हर्ट्झवर पांढरा पडदा लुकलुकतो. समोरून नाही जाणवलं तर मान थोडी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघा, लगेच कळेल. ७५ ला बऱ्याच जणांचं भागतं, ८५ ला जवळपास सगळ्यांचं. टीसीओ ९९ या मॉनिटरच्या प्रमाणपत्राचा शिक्का असलेले मॉनिटर ८५ हर्ट्झ धरूनच बनवलेले असतात, तो दिसला तर एक काळजी कमी. डॉसच्या खेळांना मात्र यातलं काही लागत नाही. ३२० × २०० चे खेळ व्हीजीएवर ७० हर्ट्झ आणि साडेएकतीस किलोहर्ट्झवर चालतात, म्हणजे कुठल्याही फुटकळ मॉनिटरवर.

तिसरा आकडा डॉट पिच, म्हणजे एकाच रंगाच्या दोन शेजारच्या ठिपक्यांमधलं अंतर. ०.२८ मिलिमीटर हा सर्रास आढळणारा. सुरुवातीच्या स्वस्त १४ इंचींमध्ये ०.३९ सुद्धा असायचा, त्यावर अक्षरं वाळूत लिहिल्यासारखी दिसतात. गंमत अशी की साध्या ट्यूबमध्ये हे अंतर तिरकं मोजतात आणि ट्रिनिट्रॉनसारख्या पट्ट्यांच्या ट्यूबमध्ये आडवं. तिरकं ०.२८ म्हणजे आडवं साधारण ०.२४. तेव्हा "याचा ०.२५ आहे, त्याचा ०.२८, म्हणजे हा भारी" असं कोणी म्हणालं तर आधी मोजलंय कसं ते विचारा. १७ इंचीचा दिसणारा पडदा सुमारे ३२५ मिलिमीटर रुंद असतो. ०.२४ ने भागलं की १,३५० च्या आसपास ठिपके बसतात. म्हणून त्याच्यावर १०२४ आरामात, १२८० जेमतेम. १९ इंचीवर १२८० आरामात, २१ इंचीवर १६००.

जाता जाता: ट्यूब ४:३ ची असते आणि १२८० × १०२४ हे ५:४ आहे. ते लावलं की वर्तुळं किंचित चपटी होतात. १२८० × ९६० लावा.

## थुंकीचा थेंब

ट्यूबच्या आत, फॉस्फरच्या मागे, धातूचा एक पडदा असतो. लाल रंगाचा झोत लाल ठिपक्यावरच पडावा यासाठी. त्याचे प्रकार तीन. शॅडो मास्कमध्ये गोल भोकं असतात आणि ठिपके त्रिकोणात बसलेले दिसतात. अपर्चर ग्रिलमध्ये वरपासून खालपर्यंत ताणलेल्या उभ्या तारा असतात, त्यामुळे रंगांच्या उभ्या पट्ट्या दिसतात. सोनीने १९६८ मध्ये आणलेला ट्रिनिट्रॉन हा प्रकार, मित्सुबिशीचा डायमंडट्रॉनही हाच. तिसरा स्लॉट मास्क, यात लांबट खाचा असतात; एनईसीचा क्रोमाक्लिअर आणि एलजीचे सपाट फ्लॅट्रॉन यातले.

ओळखायला भिंग न्या. नसेल तर लहानपणी टीव्हीच्या काचेवर थुंकीचा बारीक थेंब लावून लाल-हिरवं-निळं बघायचो ते आठवा (आणि आईचा धपाटाही). तेच तंत्र इथे चालतं, फक्त पाण्याचा थेंब वापरा.

तारांच्या ट्यूबमधून जास्त उजेड बाहेर येतो, रंग भरदार दिसतात. शॅडो मास्कवर बारीक अक्षर थोडं शांत वाटतं. खेळ आणि फोटोंसाठी मी तारांची घेईन, नुसत्या मजकुरासाठी चांगली शॅडो मास्क. पण दोन्हींतली थकलेली ट्यूब समोर असेल तर हा सगळा वाद बाजूला ठेवायचा.

तारांच्या ट्यूबवर एक किंवा दोन अतिशय बारीक आडव्या रेषा दिसतात. १५ इंचीत एक, १७ आणि वरच्यांत दोन. उभ्या तारा थरथरू नयेत म्हणून लावलेल्या आधाराच्या तारांची ती सावली. नवखे लोक हा दोष समजून परत जातात आणि कधीकधी एक उत्तम मॉनिटर दुसऱ्याच्या घरी जातो.

## नावांबद्दल थोडक्यात

आपल्याकडे घराघरांत होते ते सॅमसंगचे सिंकमास्टर, एलजीचे स्टुडिओवर्क्स आणि नंतरचे फ्लॅट्रॉन. शिवाय संगणकाबरोबर आलेले एचसीएल, विप्रो अशा नावांचे. १७ इंची घरगुती मॉनिटरपैकी शेवटच्या काळातले बरेचसे ७० किलोहर्ट्झपर्यंत जातात आणि १०२४ × ७६८ ला ८५ देतात. नवशिक्याने इथूनच सुरुवात करावी.

वरच्या वर्गात चौकटीवरचं नाव आणि आतली ट्यूब यांचा फारसा संबंध नसतो. डेलचा पी१११० आत सोनीचाच आहे. व्ह्यूसॉनिक, एनईसी, आयियामा यांच्या मोठ्या मॉनिटरमध्ये मित्सुबिशीची ट्यूब सापडते. 'सोनी' वाचून भाव वाढवणारा विक्रेता तोच माल दुसऱ्या नावाखाली स्वस्तात देऊन मोकळा होतो, हे ध्यानात ठेवा.

इंटरनेटवर सगळे ज्याच्या आरत्या ओवाळतात तो सोनीचा जीडीएम-एफडब्ल्यू९०० म्हणजे २४ इंची रुंद पडदा, २३०४ × १४४० ला ८० हर्ट्झ, वजन ४२ किलो. सुंदर आहे, वादच नाही. पण पहिला मॉनिटर म्हणून तो शोधत बसणं म्हणजे स्कूटर शिकायला रेसिंगची बाइक मागण्यासारखं.

## शोधायचा कुठे

पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्ल्या आणि चोर बाजार. पण मला खरी चांगली ट्यूब बाजारात क्वचितच मिळाली. ती मिळते बंद पडलेल्या डीटीपीच्या दुकानात, फोटो स्टुडिओत, छापखान्याच्या माळ्यावर. या लोकांनी रंग बघण्यासाठी त्या काळी पैसे मोजून १९ आणि २१ इंची घेतले होते आणि कापडाने झाकून सांभाळले होते. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास दोन-चार ठिकाणी नुसती चौकशी केलीत तरी कोणीतरी म्हणेल, "आमच्याकडे पडलाय एक, न्या हो."

टाळायचे ते तिकीट खिडकीवरचे, बँकेच्या काउंटरवरचे आणि सायबर कॅफेतले. वर्षानुवर्षं एकच चित्र दाखवून त्या पडद्यांवर डाग बसलेला असतो. बंद पडद्यावर तिरका उजेड पाडला की कधीकधी अक्षरंसुद्धा वाचता येतात. तसाच आणखी एक आपल्याकडचा खास प्रकार: ट्यूनर बॉक्स जोडून टीव्ही केलेला मॉनिटर. एके काळी हा उद्योग घरोघर चालायचा. अशा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात वाहिनीचा लोगो कायमचा उमटलेला सापडतो.

## दुकानात बसून करायची तपासणी

जुना व्हीजीए पोर्टवाला लॅपटॉप न्या. त्यात आधीच काही चित्रं तयार ठेवा: पूर्ण काळा, पूर्ण पांढरा, पूर्ण लाल, हिरवा आणि निळा पडदा, काळ्यावर पांढऱ्या रेषांची जाळी, आणि एक मजकुराचं पान. आणि अर्धा तास मोकळा ठेवा. विक्रेता घाई करत असेल तर चहा मागवा.

मॉनिटर गार असतानाच सुरू करायचा. गेल्या गेल्या वरच्या जाळीवर हात ठेवून बघा. गरम लागली तर शेठने आधीच तापवून ठेवलाय. मग त्याला सांगा, "बंद करा, मी जेवून येतो." कारण थकलेली ट्यूब गार असतानाच पकडली जाते. बटण दाबल्यावर "ढंग्" असा घुमणारा आवाज येतो, ते डिगॉसिंग, म्हणजे ट्यूबमध्ये साचलेलं चुंबकत्व काढणं, चांगलं लक्षण. चित्र १०-१५ सेकंदांत यायला हवं. आधी लाल, मग हळूहळू हिरवा, मग निळा अशी वरात निघाली, किंवा दोन मिनिटं चित्र अंधारातच राहिलं, तर ट्यूब थकली आहे.

आता काळा पडदा. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, दुकानातला दिवा बंद करायला सांगा. थोडी राखाडी झाक चालते. पण ब्राइटनेस निम्म्यावर आणूनही काळं हे राखाडीच राहिलं आणि त्यावर तिरक्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या, तर दोनपैकी एक गोष्ट आहे. थकलेली ट्यूब उजळ दिसावी म्हणून कोणीतरी आतला स्क्रीनचा पॉट, म्हणजे ट्यूबचं स्क्रीन व्होल्टेज कमीजास्त करायचा छोटा खुंटा, पिळलाय. किंवा मॉनिटर सोनीच्या शेवटच्या काळातल्या सपाट ट्यूबचा आहे, ज्यांत हेच स्क्रीन व्होल्टेज काळाप्रमाणे आपोआप वर सरकतं. दुसरं दुखणं सेवाकेंद्राचं सॉफ्टवेअर आणि खास केबल वापरून बरं होतं, पण ते करणारा माणूस तुमच्याकडे आहे का? नसेल तर सोडा.

मग पांढरा पडदा, कॉन्ट्रास्ट पूर्ण. चांगल्या ट्यूबचं पांढरं दुधासारखं दिसतं. थकलेल्या ट्यूबचं पांढरं चंदेरी, शिशासारखं चमकतं आणि अक्षरांच्या उजव्या कडेला ओघळ येतात. एकदा फरक बघितलात की विसरणार नाही. विक्रेता "आत्ताच ट्यूब बूस्ट केलीय, नव्यासारखी आहे" म्हणाला तर नमस्कार करा आणि निघा. बूस्ट म्हणजे ट्यूबमधल्या हीटरला जास्त व्होल्टेज देऊन म्हाताऱ्याला पळवणं. तो थोडे दिवस पळतोही.

यानंतर मजकुराचं पान. इंग्रजी चाचण्यांमध्ये बारीक 'ई' आणि 'एम' बघायला सांगतात. मी आपलं मराठी पान ठेवतो, १० पॉइंटचं. 'कर्तृत्व', 'विद्यार्थ्यांच्या', 'ऱ्हस्व' हे शब्द मध्यभागी आणि चारही कोपऱ्यांत. र्थ्यां मधला रफार, अनुस्वार आणि खालचा य एकमेकांत मिसळले की फोकस गेलाय. मध्यभागी स्पष्ट आणि कोपऱ्यात जरासं मऊ असणं हे सगळ्याच सीआरटींचं असतं, त्यावरून हुज्जत घालू नका. सगळीकडेच धूसर असेल तर वाट बघा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणातून आलेल्या मॉनिटरमध्ये, ट्यूबच्या मानेवरच्या सॉकेटमध्ये ओल धरलेली असते. सुरुवातीला चित्र धुक्यातलं, अर्ध्या तासाने लख्ख. ते सॉकेट बदलता येतं, ट्यूब चांगली असते. असा मॉनिटर मी स्वस्तात उचलतो.

जाळीचं चित्र लावून रेषांच्या कडा बघा. पांढऱ्या रेषेला एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी किनार दिसली की तिन्ही झोत एका जागी पडत नाहीत. कोपऱ्यात अर्ध्या रेषेएवढी किनार ठीक, मध्यभागी अजिबात नको. मग कागदाची एक पट्टी घ्या, मधल्या चौकोनाची रुंदी पट्टीवर खूण करून मोजा आणि तीच पट्टी कडेच्या चौकोनांवर लावा. कडा बाहेर फुगल्या किंवा आत दबल्या असतील तर मेनूमधून दुरुस्त होतात. फक्त एकच कोपरा वाकडा असेल तर तो सहसा सरळ होत नाही.

लाल पडद्यावर जांभळे किंवा पिवळट डाग दिसले तर मेनूतून डिगॉस करा. गेले तर उत्तम. नाही गेले तर आजूबाजूला स्पीकर आहे का बघा, मॉनिटर दोन फूट हलवा, थोड्या वेळाने पुन्हा करा. तरीही एकाच जागी डाग राहिला तर आतला मास्क आपटून हललाय, त्याला औषध नाही.

शेवटी १०२४ × ७६८ ला ८५ हर्ट्झ लावून मॉनिटर २० मिनिटं चालू ठेवा. मधेमधे बाजूला हलकी टपली मारा. चित्र थरथरलं तर कुठेतरी डाग सुटलाय, म्हणजे सोल्डर. ते काम स्वस्तातलं आहे. तडतड आवाज किंवा विजा चमकल्यावर येतो तसा वास आला तर ईएचटी, म्हणजे ट्यूबचा उच्च दाबाचा वीजपुरवठा, गळतोय, ते काम स्वस्तातलं नाही. पुढची सगळी बटणं दाबून बघा.

ही २० मिनिटं मी एकदा वाचवली होती. एका दुकानातून १९ इंची घेतला, पाच मिनिटं बघितला, चित्र इतकं देखणं की भान राहिलं नाही. घरी आल्यावर पाऊण तासाने चित्र हळूहळू फुगायला लागलं, मग हिरवा रंगच गेला, सगळं जांभळं. बंद करून गार केला की पुन्हा पाऊण तास राजासारखा. दुकानदार म्हणाला, "आमच्याकडे तर चालत होता." खोटं बोलत नव्हता बिचारा.

ऑनलाइन जाहिरात बघून घेत असाल तर फोटोत पडद्यावर दिसणारे काळे पट्टे विसरा, कॅमेऱ्याचा वेग आणि रिफ्रेश रेट जुळत नाही म्हणून ते येतात. बंद पडद्याचा फोटो, मागच्या लेबलचा फोटो आणि गार असताना सुरू करतानाचा व्हिडिओ, या तीन गोष्टी मागा. व्हिडिओ द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा.

## भाव कसा ठरवायचा

विक्रेत्याच्या डोक्यात दोन आकडे असतात: भंगारात किलोवर मिळेल तो आणि इंटरनेटवर परदेशात कोणी मागितलेला तो. तुम्ही पहिल्यापासून सुरुवात करा. १५ इंचीला भंगाराच्या भावापेक्षा फारसं देऊ नका, कोणी फुकट देत असेल तर शिकायला घ्या. १७ इंचीत सगळी तपासणी पास झाली तर थोडं वर जायला हरकत नाही. पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त सुख १९ इंचीत आहे, कारण ९५ किलोहर्ट्झच्या आसपास जाणारा मिळाला तर १२८० × ९६० ला ८५ हर्ट्झ मिळतो आणि उचलायला अजून एकच माणूस पुरतो. २१ इंचीचा विचार टेबल बघून करा. भिंतीपासून अंतर सुद्धा मोजा, हे ठोकळे जवळपास रुंदीइतकेच खोल असतात.

भाव करताना दोष मोठ्याने मोजा, पण काचेवरच्या चकाकी रोखणाऱ्या लेपाच्या ओरखड्यांवर जास्त पैसे पाडून घ्या. ते दिसतात वाईट, चालू पडद्यावर त्रास देतात कमी.

## घरी आणताना आणि लावताना

सगळं वजन काचेत, म्हणजे पुढे असतं. उचलताना पडदा छातीकडे आणि हात तळाखाली. रिक्षात सीटवर ठेवा, पडदा पाठीच्या गादीकडे, आणि एक माणूस शेजारी. टेम्पोत मागे उभा सोडू नका, मागच्या निमुळत्या मानेला धक्का बसला की संपलं. गाडीतून गार आणला आणि बाहेर दमट असेल तर दोन तास तसाच ठेवा, लगेच लावू नका.

काच पुसायचा निळा स्प्रे लांब ठेवा, त्याने लेप उतरतो. ओलं करून घट्ट पिळलेलं मऊ फडकं पुरे. स्पीकर दूर, स्टॅबिलायझर आणि यूपीएस त्याहून दूर. वरच्या जाळीवर वर्तमानपत्र, देवाचा फोटो, मांजर, काहीही नको. (मांजर ऐकत नाही. ऊबदार जागा तिला आधी सापडते.)

नव्या संगणकाला जोडणं ही वेगळीच डोकेदुखी. आताच्या ग्राफिक्स कार्डांवर सीआरटीला लागणारा अ‍ॅनालॉग सिग्नलच नसतो. एनव्हिडियाच्या कार्डांपैकी जीटीएक्स ९०० मालिकेपर्यंत डीव्हीआय-आय पोर्टातून तो मिळत असे, १००० मालिकेत बंद झाला. जुन्या संगणकात टाकायला व्हीजीए पोर्ट असलेलं जीटी ७१० कार्ड स्वस्तात भागवतं. एचडीएमआयचा छोटा अ‍ॅडॉप्टर लावायचा असेल तर १०२४ × ७६८ पर्यंत बहुतेक चालतात, पण १६०० × १२०० ला ८५ हर्ट्झ त्यातून निघणार नाही. तिथे डिस्प्लेपोर्टचा चांगला अ‍ॅडॉप्टर लागतो. जोडल्यावर विंडोजमध्ये रिफ्रेश रेट हाताने ८५ वर न्या. तो आपोआप ६० वरच बसतो आणि माणूस म्हणतो, सीआरटीने डोकं दुखतं.

## मागचं झाकण

उघडायचं नाही. रंगीत मॉनिटरमध्ये २५,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही ट्यूब तो धरून ठेवू शकते. व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसणाऱ्यांना मी हात जोडतो. जुना टीव्ही दुरुस्त करणारे काका अजून प्रत्येक गावात एखादे तरी आहेत, त्यांच्याकडे न्या. त्यांनाही बरं वाटतं.

आणि मेलाच तर भंगारवाल्याच्या गाडीवर टाकू नका. तो मागची मान फोडून तांब्याची कॉइल काढतो आणि शिसं असलेली काच नाल्याच्या कडेला जाते. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. देण्याआधी खालचा फिरता पाया मात्र काढून ठेवा. पुढच्या मॉनिटरचा पाया हमखास तुटलेला असतो.